त्रेसष्ट नंबर

रविवारच्या हाउजीत त्रेसष्ट आकडा निघाला आणि उज्वलाच्या तोंडून शब्द फुटेना. लाकडी गोटी हातात होती. तिच्यावरचा सहा आणि तीन लाल रंगात स्वच्छ दिसत होता. मोतीबिंदू काढल्यापासून तिला सगळंच जरुरीपेक्षा जास्त स्वच्छ दिसायचं. समोर जेवणघरातल्या लांब टेबलांवर पांढरी, करडी आणि मेंदीनं नारिंगी झालेली डोकी तिकिटांवर वाकली होती, पेन्सिली वर धरून थांबली होती. आकडा पुकारणं काही मोठं काम नव्हतं. पण उज्वलाची रीत निराळी होती. ऐन तारुण्यात ती कर्जतच्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होती, आणि त्या काळी गावात सगळे मिळून जेमतेम नव्वद-पंच्याण्णव फोन. म्हणजे हाउजीच्या पिशवीत जेवढ्या गोट्या, साधारण तेवढेच. त्यामुळे आकडा निघाला की तो फोन ज्याचा होता त्याला ती सरळ जेवणघरात बोलावून आणायची. "सत्तावीस, डॉक्टर, आत्ताच जेवायला बसलेत!" "अठ्ठेचाळीस, भाताची गिरणी, सारखी एंगेज!" "नऊ, स्टेशनमास्तर, गाडीच लेट आहे, तुम्ही कशाला घाई करता?" ती माणसं केव्हाच गेली होती, पण दर रविवारी ती इथे येऊन जात, आणि ज्यांनी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं ते पुण्यामुंबईचे म्हातारे त्यांना नात्यातल्यासारखे ओळखत. त्रेसष्टला मात्र कुणी आलं नाही. तिनं वाट पाहिली. पंख्याचा आवाज मोठा झाला. मग मागच्या टेबलावर कुणीतरी फस्सकन हसलं, ते हसू पसरत पसरत पुढं आलं, मोतीबाईंनी तर शेजारणीच्या मांडीवर थाप मारली. आणि उज्वलानं कसंबसं "सहा तीन, त्रेसष्ट" म्हणून गोटी खाचेत ठेवली आणि पुढची काढली. हसले म्हणजे कळलं असणार, तिला वाटलं. किंवा कळलं नाही म्हणून हसले. यातलं जास्त वाईट कोणतं, ते तिला ठरवता येईना.

'निवांत' हे ज्येष्ठांचं निवासस्थान कर्जत-मुरबाड रस्त्यावर, कशेळ्याच्या थोडं अलीकडे होतं. दोन इमारती, एक जेवणघर, एक चालायची वाट, आणि पूर्वेला सकाळी निळी, दुपारी करडी होणारी डोंगराची भिंत. उज्वलाची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. तिच्यात तिची स्वतःची किटली होती, खिडकीत बुद्धाची लहानशी मूर्ती होती, आणि दाराला आतून कडी होती. या कडीचं महत्त्व बाहेरच्यांना कळणार नाही. मुलगा कपिल शेलूला नव्या वसाहतीत राहायचा; दोन खोल्या, तो, सून संजना आणि नात; "आई, तू आली असतीस तर आम्ही हॉलमध्ये झोपलो असतो," असं तो मनापासून म्हणाला होता, आणि म्हणूनच ती तिकडं गेली नव्हती. इथं मात्र एक गोष्ट होती जिच्याबद्दल सगळे हळू आवाजात बोलत. तिला 'खाली' म्हणत. तळमजल्यावरच्या एका भागात सांभाळायला बायका होत्या, पलंगांना कठडे होते, दारांच्या कड्या बाहेरून होत्या. दर सहा महिन्यांनी डॉक्टर येऊन सगळ्यांची स्मरणशक्ती तपासायचे. गुण फार घसरले की ऑफिसातून मुलांना फोन जायचा आणि मग त्या माणसाचं सामान लिफ्टमधून खाली उतरायचं. खाली काही वाईट नव्हतं. उज्वला तिथं जाऊन गप्पा मारून यायची, तिथल्या उशा तर वरच्यापेक्षा चांगल्या होत्या. पण तिथं कुणाजवळ किटली नव्हती. आणि तपासणी येत्या गुरुवारी होती.

सोमवारी सकाळी चालायच्या वाटेवर मोतीबाई भेटल्या. मोतीबाई खऱ्या अर्थानं इथल्या. 'निवांत' उभं राहिलं ती जमीन त्यांच्या घराची. मुलानं जमीन दिली, बदल्यात मिळालेल्या खोल्यांपैकी एकीत आईला ठेवलं, आणि मोतीबाई लग्न होऊन ज्या खाचरात आवणाला, म्हणजे भाताच्या लावणीला, उतरल्या होत्या त्याच खाचराच्या डोक्यावर आता पहिल्या मजल्यावर झोपत. "ही तुमची लायब्री हाय ना, तितं आमची म्हस बसायची," त्या नव्या माणसांना सांगत. "आनि योगा करता ना, तितं चिंबोऱ्यांची बिलं व्हती. हात घातला का चावायच्या. आता तुमचं गुडघं चावतान." आज त्यांच्या डोक्यात पोपटी होती, मडक्यात पाला घालून शेंगा भाजायची. वालाच्या शेंगा आल्या होत्या, भांबुर्ड्याचा पाला बांधावर माजला होता, आणि शनिवारी इमारतीमागं मडकं लावायचं त्यांनी ऑफिसला न विचारता ठरवून टाकलं होतं. "वाल्मिकराव म्हनतात वालानं ग्यास व्हतो. म्हटलं, तुमाला तर हवेनं पन व्हतो." मग त्या थांबल्या, इकडं तिकडं पाहिलं, आणि उज्वलाच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "काय गं बाय, केलं, घड्याल, छत्री?"

"केळं, घड्याळ, छत्री," उज्वला म्हणाली.

हा इथला नमस्कार होता. निदान तपासणीच्या आधीचा आठवडाभर तरी. डॉक्टर प्रत्येकाला तीन शब्द सांगत, मग घड्याळाचं चित्र काढायला लावत, शंभरातून सात-सात वजा करायला लावत, आणि शेवटी ते तीन शब्द विचारत. शब्द दर वेळी तेच असत. पहिल्या वर्षी हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी ते वाल्मिकरावांनी हेरलं. वाल्मिकराव खोपोलीच्या एका कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते, आणि मोजता येत नाही ते नसतंच, असं मानणाऱ्यांपैकी होते. मनगटावर रक्तदाबाचं यंत्र बांधून ते नाष्ट्याला यायचे आणि आकडा जाहीर करायचे. मग बाकीचेही आपापले आकडे सांगायचे, शाळेत गुण सांगावेत तसे. त्यांनीच ही शिकवणी सुरू केली. जिन्यात, लिफ्टमध्ये, कॅरमच्या पाटावर, कुणी कुणाला भेटलं की केळं, घड्याळ, छत्री. मोतीबाईंनी त्याची गोष्ट करून ठेवली होती: केलं खाल्लं, घड्याल बघलं, छत्री इसारली. खाली गेलेल्या एका आजोबांना तर पत्नीचं नाव आठवत नव्हतं, पण उज्वला दारात दिसली की ते हात वर करून आनंदानं म्हणत, "केळं!"

उज्वलाला ते तीन शब्द झोपेतून उठवलं असतं तरी सांगता आले असते. अडचण ती नव्हती. अडचण त्रेसष्ट होती. खोलीत येऊन तिनं किटली लावली आणि खिडकीशी बसून त्रेसष्टच्या मागं लागली. रत्नदीप असता तर त्यानं हे कसं केलं असतं, ते तिला ठाऊक होतं. तिचा नवरा लाइनमन होता. तार कुठं तुटली हे शोधायला तो पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत चालत जात नसे. तो मधल्या खांबावर चढायचा, तारेला आपला फोन चिकटवायचा आणि म्हणायचा, "हॅलो बोर्ड, टेस्टिंग." एक्स्चेंजच्या बोर्डावर बसलेल्या तिला ऐकू गेलं की बिघाड पुढच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याच्या मधल्या खांबावर. असं निम्मं, मग निम्म्याचं निम्मं. लोधिवलीला, तिच्या माहेराच्या दारासमोर एक खांब होता, त्यावर काहीही बिघडलेलं नसताना तो एकदा चढला होता आणि म्हणाला होता, "हॅलो बोर्ड, तुमच्या आई अंगणात मिरच्या वाळत घालतायत, मी खाली उतरून विचारू का?" तिनं सुपरवायझरकडं बघत कोरड्या आवाजात म्हटलं होतं, "टेस्टिंग ओके. विचारा." तिला हसू आलं. चहा कपात ओतला. हे सगळं आहे, तिनं स्वतःला बजावलं, मिरच्यांच्या रंगासकट आहे. मग तिनं त्याच्याच रीतीनं सुरुवात केली. एकपासून तीसपर्यंत माणसं धडाधड आली. साठपर्यंतही आली. बासष्ट, बर्फाचा कारखाना, बोलता बोलता शिंकणारा मॅनेजर. चौसष्ट, शाळेचे हेडमास्तर, "मी बोलतोय" म्हणायचे आणि कोण ते सांगायचेच नाहीत. म्हणजे बिघाड अगदी एवढ्याशा जागेत होता. बोर्डावरच्या बासष्ट आणि चौसष्टच्या मधल्या एका भोकात.

ते भोकही तिला आठवत होतं. बोर्डाच्या उजव्या बाजूला, खांद्याच्या उंचीला. तिथली पितळी झाकणी सैल होती, गिऱ्हाइकानं हँडल फिरवलं की बाकीच्या झाकण्या टक् करून पडायच्या, ही लोंबत लोंबत पडायची. कॉर्ड उचलायची, भोकात खुपसायची, "नंबर प्लीज" म्हणायचं. आणि पुढं? पुढं शांतता. तिनं डोळे मिटून तीनतीनदा कॉर्ड लावली. दर वेळी कानात तीच जाड, गरम शांतता यायची, आणि तिच्या पलीकडं कुठंतरी लांब खर्र, खर्र असा काहीतरी आवाज. चेहरा नाही, नाव नाही. मेंदूतला एखादा भाग वाळून गेला तर तिथं असंच ऐकू येत असेल, तिला वाटलं. बाकीचं सगळं गाव दिवे लावून बसलेलं आणि मधलंच एक घर काळं. आज एक घर. मग शेजारचं. बर्फाचा कारखाना, हेडमास्तर, करत करत कधी तरी लोधिवलीच्या खांबापर्यंत. चहा निवला. कुणाला विचारायचं तर सोपं होतं. जेवणघरात सगळ्यांना तिचे आकडे पाठ होते. पण विचारलं की कळणार. आणि दूरध्वनी खात्यात एवढी वर्षं काढलेल्या बाईनं दुसऱ्याला नंबर विचारायचा?

कारण तो बोर्ड म्हणजे नुसती नोकरी नव्हती. तिच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा ती आईच्या मांडीवर होती. वडील नंतर सांगत, की त्या दिवशी घरी येताना ते रस्त्याच्या मधून चालत आले. पण चालणं वेगळं आणि आवाज वेगळा. एक्स्चेंजात लागल्यावर तिच्या ध्यानात आलं, की गावातला मोठ्यातला मोठा माणूस फोन उचलल्यावर आधी तिला शोधतो. ती हो म्हणाली तर त्याला कल्याण मिळायचं, मुंबई मिळायची. ती "होल्ड करा" म्हणाली की तो होल्ड करायचा. आवाजाला कुणी आडनाव विचारत नव्हतं, आणि विचारलंच तर ती म्हणायची, "बोर्ड बोलतोय." लाइन लागत नसेल तर 'नाही' म्हणायचं नाही, हे तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. 'होल्ड करा' म्हणायचं. तारेत बिघाड असो, पलीकडे कुणी उचलत नसो, पाऊस पडून सगळंच ओलं झालेलं असो, होल्ड करा. आता मात्र त्रेसष्टवर तिची तीच होल्ड करून बसली होती आणि दुसऱ्या टोकाला बोर्डच नव्हता.

बुधवारी संध्याकाळी वाल्मिकरावांनी बाकावर उजळणी घेतली. "नवीन डॉक्टरीण आहे म्हणे, हर्षला का कोण. जुने नाशिकला मुलीकडे गेले. काळजी नको, तपासणी तीच. ओव्हाळबाई, म्हणा."

"तुम्हाला कधी असं वाटत नाही," उज्वला म्हणाली, "की खरंच काही होत असेल तर आपल्याला कळायला पाहिजे?"

वाल्मिकरावांनी विचारलं, "कळून?"

"तुम्ही प्रेशर मोजता ना रोज."

"प्रेशरला गोळी आहे," ते म्हणाले. मग बराच वेळ मनगटावरचा पट्टा सैल करत, घट्ट करत राहिले. "गेल्या महिन्यात मी खोलीतला गॅस बंद करायला विसरलो, बाई. कुणाला बोललो नाही. तुम्ही बोलू नका." आणि लगेच खाकरून, मोठ्यानं, "हां, म्हणा! केळं!"

गुरुवारी सकाळी वैद्यकीय खोलीबाहेरच्या खुर्च्यांवर त्या दिवशी नंबर असलेले सात जण न्हाऊन, पावडर लावून बसले होते, मुलगी बघायला आल्यासारखे. एकेक जण आत जाई आणि विजयी चेहऱ्यानं बाहेर येई. मोतीबाई बाहेर आल्या आणि अंगठा वर केला. "फटाफट बोल्ली! पोरगी नुसती बगतच रायली माज्याकडं. तोंड उगडं." वाल्मिकराव बाहेर आले ते हात चोळत. "डॉक्टरीण फार प्रभावित झाली. मला दोनदा विचारलं, नक्की का? म्हटलं, शंभर टक्के." उज्वला सगळ्यांत शेवटी होती. तिला पास व्हायचं होतं, आणि तिला जाणून घ्यायचं होतं, आणि या दोन गोष्टी एकाच खुर्चीवर मावत नव्हत्या.

आत टेबलामागं एक चणीनं बारीक मुलगी बसली होती, पांढरा कोट तिला दोन मापं मोठा. चेहऱ्यावर गोंधळ, पुढ्यात कागद. "या आजी, बसा. मी तुम्हाला तीन शब्द सांगते, नीट ऐका, थोड्या वेळानं विचारीन." ती जरा थांबली आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "दोरी. चिंच. आरसा."

शब्द बदलले होते. पहिला विचार स्वतःचा आलाच नाही. आला तो बाहेर अंगठे वर करून बसलेल्या सहा जणांचा. मोतीबाई, फटाफट. वाल्मिकराव, शंभर टक्के. सहाच्या सहा खाली. तिनं घड्याळ काढलं, अकरा वाजून दहा मिनिटं, काटे व्यवस्थित. शंभरातून सात गेले त्र्याण्णव, आकडे तिला कधीच जड गेले नव्हते. हात आपोआप चालत होते आणि डोक्यात लिफ्ट वरखाली होत होती. तिच्यात मोतीबाईंचं मडकं, वाल्मिकरावांचं यंत्र, तिची किटली.

"छान. आता मघाचे तीन शब्द सांगा."

"केळं, घड्याळ, छत्री," उज्वला म्हणाली.

ते तिनं म्हटलं नव्हतं, ते निघालं होतं. वर्षानुवर्षं जिन्यात घोटलेलं तोंड मोकाट सुटलं होतं. डॉक्टर हर्षलानं पेन खाली ठेवलं. "तुम्हीसुद्धा?"

उज्वलानं घड्याळाचं चित्र तिच्याकडं सरकवलं.

"आजी, तुम्ही शेवटच्या आहात म्हणून विचारते, रागावू नका. सकाळपासून मी सहा जणांना दोरी, चिंच, आरसा सांगितलं. सहाही जणांनी मला केळं, घड्याळ, छत्री सांगितलं. त्याच क्रमानं. एक आजी तर म्हणाल्या, छत्री इसारली. असं कुठल्या पुस्तकात नाहीये. एकाच वेळी सहा जणांना एकच खोटी आठवण! मी मघाशी ऑफिसात जाऊन पाण्याची टाकी कधी धुतली ते विचारून आले. आता पुण्याला आमच्या सरांना फोन करणार होते."

हसू उज्वलाच्या छातीतून वर आलं तेव्हा तिनं ते आधी दाबलं, ऑपरेटर दाबतात तसं, हेडसेटचं तोंड हातानं झाकून. मग ते आवरेना. ती टेबलाला धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि हसता हसता तिनं सगळं सांगून टाकलं: जुने डॉक्टर, तेच शब्द, जिन्यातली शिकवणी, खालच्या आजोबांचं 'केळं', सगळं. सांगायचं असं ठरवलं नव्हतं. पण सहा जण विसरून नापास झाले नव्हते, फार पाठ करून झाले होते, आणि हे कुणीतरी सांगायला हवं होतं. डॉक्टर हर्षलानं तोंडावर कोटाची लांब बाही धरली, आणि मग तीही फुटली. बाहेर सहा जण दाराकडं बघत होते, आत ओव्हाळबाईंची तपासणी एवढी कशी रंगली म्हणून.

"म्हणजे मला उद्या सगळ्यांचं परत घ्यावं लागणार, वेगळे शब्द घेऊन," डॉक्टर डोळे पुसत म्हणाली. "आणि तुमचं काय? माझे शब्द आठवतात का मुळात?"

"दोरी," उज्वला म्हणाली. थोड्यानं, "आरसा." आणि मग तीच शांतता. जाड, गरम. दोरी आणि आरशाच्या मधलं भोक. इथंही.

"काही सूचना देऊ?"

"नको. होल्ड करा," ती म्हणाली, आणि आपल्याच तोंडून आलेल्या शब्दानं दचकली. डॉक्टर थांबली. पंखा फिरत होता. उज्वलानं ओढाओढ केली नाही, वाट पाहिली. शब्द आला नाही. पण जिभेच्या कडांना काहीतरी झालं. दोन्ही बाजूंनी, दाढांच्या मुळाशी, आधी बारीक झिणझिण, मग पाणी. तोंड पाण्यानं भरून आलं. दुपारची पाळी, बोर्डाखाली वर्तमानपत्राच्या तुकड्यात मीठ, सुपरवायझर उठून गेली की प्रत्येक मुलीच्या गालात एक बुटूक, आणि तसल्या तोंडानं कल्याणला म्हणायचं 'नंबर प्लीज'. डोळे मिटले जायचे, एक डोळा उघडा, झाकणी पडते का बघायला. तिनं आवंढा गिळला. "चिंच," ती म्हणाली. "चिंच, चिंच. आधी तोंडाला पाणी सुटलं, नाव मागून आलं."

डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं. "लाळेला गुण द्यायची सोय नाहीये या तपासणीत," ती म्हणाली. "पण मी देतेय."

मग उज्वलानं तिला त्रेसष्टचं सांगितलं. एकदम सगळं. डॉक्टरनं ऐकून घेतलं, मधुमेहाची गोळी किती वर्षं चालू आहे ते विचारलं, पायांना मुंग्या येतात का विचारलं. त्या गोळीनं कधी कधी शरीरातलं बी-बारा कमी होत जातं, ते कमी झालं की आठवणही अडखळते. आधी रक्त तपासू, थायरॉइड बघू. "आज तरी कुणी खाली जात नाहीये."

"आणि ते नसलं तर?"

"तर पुढचं बघू. खोटं सांगणार नाही तुम्हाला. काही गोष्टी जातात. काही नुसत्या उशीर करतात. यातलं कोणतं, ते थोडं थांबल्याशिवाय मलाही कळत नाही."

हे उत्तर उज्वलाला आवडलं. ते एक्स्चेंजचं उत्तर होतं.

शुक्रवारी सगळ्यांची तपासणी पुन्हा झाली. शब्द प्रत्येकाला वेगळे. मोतीबाईंना तिन्ही आठवले, कारण आत जाता जाता त्यांनी त्यांचीही गोष्ट केली. वाल्मिकरावांचा एक चुकला, ते गॅसचंही सांगून आले आणि बाहेर येऊन म्हणाले, "तिनं आपोआप बंद होणारं बटण बसवून घ्यायला सांगितलंय. म्हणजे त्याला गोळी आहे, ओव्हाळबाई." शनिवारी रक्ताचा अहवाल आला, बी-बारा तळाला. नर्सनं पहिलं इंजेक्शन दिलं, आणि त्या संध्याकाळी इमारतीमागं पोपटीचं मडकं उलटं झालं, पाल्याच्या उग्र वासाचा धूर दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला, आणि उज्वला दुखऱ्या दंडाच्या बाजूला पदर घेऊन वालाच्या शेंगा सोलत बसली. "खा गं बाय," मोतीबाई म्हणाल्या. "डाक्टरनीला पन दिलंय डब्यात. ती इचारत व्हती, याच्यात बी-बारा आस्तंय का. म्हटलं, याच्यात आंडी हायेत, बटाटं हायेत, बाराभानगडी हायेत, बघ काय काय सापडतंय त्ये." एका इंजेक्शनानं काही परत येत नाही, हे उज्वलाला माहीत होतं. तिनं रात्री कॉर्ड लावून पाहिली नाही.

रविवारी जेवणघर भरलं होतं. हाउजी सुरू झाली, सत्तावीसचे डॉक्टर जेवून गेले, गिरणी एंगेज लागली, जल्दी पाचचं बक्षीस एका नाशिककर बाईंना मिळालं. आणि उज्वलाच्या बोटांत आली ती गोटी वळवून बघण्याआधीच तिला समजली, पोटातूनच. सहा आणि तीन. तिनं ती वर धरली, "त्रेसष्ट," म्हणाली, आणि थांबली. ती आली: जाड, गरम शांतता. पण या वेळी तिनं हात-पाय मारले नाहीत. तोंड थोडं उघडं, गोटी वर, ती नुसती कान देऊन उभी राहिली. खर्र, खर्र. लांबून. मागच्या टेबलावर कुणीतरी फस्सकन हसलं. हसू पसरत पुढं आलं. आणि मोतीबाईंनी शेजारणीच्या मांडीवर थाप मारून सगळ्या जेवणघराला ऐकू जाईल असं म्हटलं, "आगं, बोला वं धाऊशेट! उचलतान आनि बोलत नाय!"

"बोला, धाऊशेठ!" वाल्मिकराव ओरडले. "बोला, धाऊशेठ, बोला!" आख्खं जेवणघर एका सुरात, टेबलं वाजवत, केळं-घड्याळ-छत्रीच्या ठेक्यात.

झाकणी लोंबत लोंबत पडली. धाऊशेठ. लाकडाची वखार, मागं दिवसभर चालणारी करवत, खर्र, खर्र; आणि फोनला बिचकणारा तो डोंगराएवढा माणूस, जो हँडल फिरवायचा, चोंगा कानाला लावायचा आणि नुसता श्वास घेत उभा राहायचा, कारण समोर दिसत नसलेल्या बाईशी बोलायचं कसं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. 'नंबर प्लीज', ती म्हणायची. श्वास. 'धाऊशेठ, बोला.' श्वास. शेवटी तीच विचारायची, कल्याण हवं का, आणि पलीकडून सुटल्यासारखा एक हुंकार यायचा. दर वेळी त्रेसष्ट निघाला की ती हाउजीत आकड्यापुढं काही बोलायचीच नाही. गोटी वर धरायची, तोंड उघडं ठेवायची, आणि धाऊशेठ होऊन उभी राहायची, लोक हसेपर्यंत. त्रेसष्टला कधी शब्दच नव्हता. ती ज्या काळ्या घराला आठवडाभर घाबरत होती, तिथं धाऊशेठ चोंगा कानाला लावून उभा होता, नेहमीसारखाच. गेल्या रविवारी तिनं त्याला जसा आणला होता तसा तर आजवर कधीच आणला नव्हता.

जेवणघर टेबलं वाजवत होतं. उज्वलाला आतून हसू फुटत होतं, खांदे हलत होते, आणि आता नाव तर होतंच, शिवाय वखारीतल्या ओल्या सागाचा वासही होता, सगळं अगदी जिभेच्या टोकाशी. तिनं गोटी आणखी थोडी वर धरली, तोंड आणखी थोडं उघडं केलं, आणि या वेळी मुद्दाम गप्प राहिली.